हिंगणघाट : लोहमार्ग व उद्योग

महाराष्ट्र राज्याच्या वर्धा जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. वणा नदीकाठचे हे शहर वर्ध्यापासून लोहमार्गाने सु. ३४ किमी. अंतरावर आहे. विदर्भातील अनेक पेठा आगगाडीने वसविल्या. हिंगणघाट मात्र तीपूर्वीच कापसाची नामांकित पेठ होते. त्याच्याच नावाने ओळखला जाणारा, देशी वाणांत लांब धाग्याचा कापूस बैलांच्या पाठीवरून मिर्झापूरकडे जाई. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे नागपूरला पोहोचल्यावर हा व्यापार मुंबईकडे वळला. तथापि वर्ध्यापर्यंत माल बैलगाड्यांनीच न्यावा लागे. १८७७ पर्यंत पूर्ण झालेला वर्धा-वरोडा फाटा मुख्यतः वरोड्याच्या दगडी कोळशासाठी होता. ‘वर्धा कोल स्टेट रेल्वे’ हे त्याचे नावच ते सांगते. त्याचा टिकाऊ लाभ मात्र वाटेवरील हिंगणघाटला झाला. सरकी काढण्याचे व गासड्या बांधण्याचे कारखाने निघाले. १८८१ मध्ये कापड गिरणी सुरू झाली. वरोड्याची खाण १९०६ मध्ये बंद पडली. कापसाची वाहतूक चालू राहिली. १९२९ मध्ये काझीपेठ-बल्लारशा मार्ग जोडला गेल्यावर कोळशासाठी घातलेला हा फाटा दिल्ली-मद्रास (चेन्नई) या मुख्य मार्गाचा भाग बनला.