अवर्षण चतुष्कोनातला विकास

राज्य मंडळाच्या दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील जवळजवळ प्रत्येक धड्यात समोरासमोर येतात. विकासातला फरक शिकवण्याची ही रीत मला फार मोलाची वाटते, कारण मुलांना प्रत्येक आकडा ताडून पाहता येतो. ब्राझीलचं दरडोई उत्पन्न भारताच्या सुमारे चौपट आहे. २०२२च्या जनगणनेनुसार तिथले दर शंभरातले ८७ लोक शहरी भागात राहतात; आपल्याकडे २०११मध्ये हा आकडा ३१ होता. २०२३च्या मानव विकास निर्देशांकात ब्राझील ०.७८६वर आहे आणि भारत ०.६८५वर.

पुढे कोण, हे कळलं. पण त्या देशातले नेमके कोण पुढे गेले आणि कशामुळे, हे दोन रकान्यांत मावत नाही. महबूब उल हक यांनी १९९०मध्ये हा निर्देशांक आणला, तेव्हा उत्पन्नाच्या जोडीला आयुर्मान आणि शिक्षणही मोजलं जाऊ लागलं. ती मोठीच झेप होती. तरीही सरासरी अख्ख्या देशाचीच राहिली.

ब्राझीलच्या ईशान्येला सेआरा नावाचं राज्य आहे. पाठ्यपुस्तकातला ‘अवर्षण चतुष्कोन’ मुलांना आठवत असेल. सेआरा त्याच कोरड्या टापूतलं. १८७६ ते १८७८ या काळात दख्खन दुष्काळाने होरपळत होतं. १८७७पासून सेआरातही पाऊस रुसला आणि उपासमारीने, रोगराईने लाखो माणसं गेली. दोन्हीकडच्या दुष्काळामागे प्रशांत महासागरातला तोच प्रबळ एल निनो होता. पण भूगोलाच्या वर्गात सेआराची ओळख पर्जन्यमानाच्या प्रश्नापुरतीच राहते, याची मला खंत वाटते. कारण पुढची गोष्ट पावसाची नाहीच.

१९८७मध्ये पुन्हा दुष्काळ पडला, तेव्हा राज्य सरकारने दुष्काळी कामांच्या पैशातून गावोगावी आरोग्यसेवक नेमले. त्यात बहुतेक बायका होत्या आणि ज्या वस्तीत काम करायचं तिथेच राहणं ही अट होती. महिन्यातून एकदा घरोघर जायचं, जुलाब झालेल्या बाळासाठी जलसंजीवनी कशी करायची ते दाखवायचं, लसीकरणाची आठवण द्यायची, गरोदर बाईला तपासणीला पाठवायचं. आपल्या आशाताईंचं काम पाहिलेल्यांना हे लगेच ओळखीचं वाटेल. आपल्याकडे ही योजना २००५मध्ये आली. सेआरात निवड राज्याने आपल्या हाती ठेवली, त्यामुळे स्थानिक पुढाऱ्याला आपली माणसं घुसवता आली नाहीत. ज्यांची निवड झाली नाही त्यांनाही सांगितलं गेलं, की निवडलेली बाई घरी येत नसेल तर आम्हाला कळवा. नाकारलेला उमेदवारच राखणदार झाला. काही वर्षांतच तान्ह्या बाळांचे मृत्यू झपाट्याने घटले. १९९१मध्ये केंद्र सरकारने ही पद्धत देशभर उचलली.

शाळांचं चित्र त्याहून बोलकं आहे. याच राज्यातलं सोब्राल हे शहर विज्ञानाच्या अभ्यासकांना ठाऊक असतं, कारण मे १९१९च्या खग्रास सूर्यग्रहणात तिथे घेतलेल्या छायाचित्रांनी आइन्स्टाइनच्या सिद्धांताला दुजोरा दिला. त्याच सोब्रालमध्ये या शतकाच्या आरंभी दुसरीतल्या जवळपास निम्म्या मुलांना वाचता येत नव्हतं. मग नगरपालिकेने मुख्याध्यापकांच्या नेमणुका पुढाऱ्यांच्या शिफारशीवरून काढून परीक्षेवर आणल्या. प्रत्येक मुलाचं वाचन ठरावीक काळाने तपासलं जाऊ लागलं आणि लहान इयत्तांना चांगले शिक्षक दिले. राज्यानेही विक्रीवरच्या कराचा नगरपालिकांना द्यायचा काही वाटा शाळांच्या निकालाशी बांधला. देशाच्या शालेय गुणवत्ता निर्देशांकात २००५मध्ये सोब्राल १३६६व्या क्रमांकावर होतं. पुढच्या दशकात ते साडेपाच हजारांवर नगरपालिकांमध्ये पहिलं आलं, श्रीमंत दक्षिणेतल्या शहरांनाही मागे टाकून.

सेआरा अजूनही गरीब आहे. तिथलं दरडोई उत्पन्न राष्ट्रीय सरासरीच्या जवळपास निम्मं. म्हणून तर हे उदाहरण वर्गात यायला हवं, असं मी आग्रहाने म्हणतो. आधी उत्पन्न वाढेल, मग मुलं जगतील आणि वाचू लागतील, हा क्रम मुलं न सांगताच गृहीत धरतात, कारण तक्त्यात उत्पन्न वाढलेलं दिसतं तिथे बाकीचंही वाढलेलं दिसतं. सेआरा हा क्रम मोडतं.

मग त्यांच्यापुढे महाराष्ट्राचा नकाशा ठेवावा. राज्याच्या २०१२च्या मानव विकास अहवालात मुंबई सर्वांत वर होती आणि नंदुरबार सर्वांत खाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे जिल्हावार तक्तेही सर्वांना खुले आहेत. दहावीच्या मुलांना ते सहज वाचता येतात. नंदुरबारमधल्या मुलांनी आपल्या जिल्ह्याशेजारी सेआरा मांडावं आणि तिथल्या बायकांनी महिन्याला किती घरं गाठली, मुख्याध्यापक कोणी नेमले, पैसा कशाला बांधला होता, हे प्रश्न आपल्या तालुक्याला विचारावेत. हाही भूगोलच आहे, आणि क्षेत्रभेटीचा धडा पुस्तकात आधीपासून आहे.