केमो सुरू होण्याआधी एक रक्ततपासणी : शरीरात दबून बसलेली कावीळ पुन्हा का उठते?

सटाणा-बागलाण भागात एखाद्या घरात कॅन्सरचं निदान झालं की पहिली धावपळ पैशाची आणि कागदांची होते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसेल का, नाशिकला न्यायचं की मुंबईला टाटामध्ये, सोबत कोण राहणार? या गडबडीत एक प्रश्न विचारायचा राहून जातो : "डॉक्टरसाहेब, उपचाराआधी हिपॅटायटिस बीची तपासणी झाली का?" हा प्रश्न का विचारायचा, ते आम्ही इथे समजावून सांगत आहोत.

हिपॅटायटिस बी म्हणजे यकृताला सूज आणणाऱ्या विषाणूचा संसर्ग, ज्याला आपण 'बी कावीळ' म्हणतो. डोळे पिवळे होतात, महिना-दोन महिन्यांत माणूस बरा होतो आणि सगळे विसरून जातात. अनेकांना तर कावीळ झालेली कळतही नाही. पण विषाणू पूर्ण जात नाही. त्याचा जनुकीय साठा यकृताच्या पेशींच्या केंद्रकात तसाच राहतो. आपली प्रतिकारशक्ती त्याच्यावर पहारा ठेवते, म्हणून तो डोकं वर काढत नाही.

आता हा पहाराच उठला तर? केमोथेरपी, किडनी बदलल्यानंतरची औषधं, संधिवातावरची काही इंजेक्शनं आणि जास्त मात्रेत अनेक आठवडे घेतलेली स्टेरॉइड्स प्रतिकारशक्ती दाबतात. विषाणू झपाट्याने वाढू लागतो. पुढे केमो थांबली की प्रतिकारशक्ती परत येते आणि विषाणू असलेल्या यकृताच्या पेशींवर तुटून पडते. यकृताचं मोठं नुकसान अनेकदा याच टप्प्यावर होतं. कधी कावीळ, तर कधी थेट यकृत निकामी. लिम्फोमा आणि संधिवातात वापरल्या जाणाऱ्या रिटक्सिमॅब या औषधात हा धोका सर्वात जास्त आहे. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2013 मध्ये त्याबद्दलचा इशारा अधिक कडक केला. उपचार संपल्यावर कित्येक महिन्यांनीही आजार उलटू शकतो.

समजा, नामपूरकडची पन्नाशीतली एक शेतमजूर बाई आहे. केमो संपली, गाठ विरघळली, घरात आनंद आहे. दोन महिन्यांनी डोळे पिवळे होतात. घरचे म्हणतात, "उन्हाची कावीळ असेल", आणि माळ घालायला, कावीळ उतरवायला नेतात. त्यात मोलाचे दिवस जातात. कॅन्सरमधून वाचलेलं माणूस टाळता येणाऱ्या आजाराने हातचं जातं.

हे टाळता येतं. उपचाराआधी रक्ताच्या दोन तपासण्या लागतात. एचबीएसएजी ही तपासणी विषाणू आत्ता शरीरात आहे का ते सांगते. अँटी-एचबीसी पूर्वी कधी संसर्ग होऊन गेला का ते सांगते. पहिली निगेटिव्ह आली म्हणून थांबू नये, कारण दबून बसलेला जुना संसर्ग दुसरीतच कळतो. धोका दिसला तर डॉक्टर एन्टेकॅव्हिर किंवा टेनोफोव्हिरची रोज एक गोळी सुरू करतात. उपचार संपल्यावरही ती बरेच महिने चालू ठेवावी लागते. मनाने बंद करणं धोक्याचं आहे. एचआयव्हीसोबत जगणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं : एआरटीच्या गोळीतली टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडिन ही औषधं हिपॅटायटिस बीलाही दाबतात. गोळ्या अचानक सोडल्या तर तीही उसळू शकते.

हा विषाणू किती गुपचूप राहतो, याचं महाराष्ट्राला माहीत असलेलं उदाहरण अमिताभ बच्चन यांचं. 1982 मध्ये 'कुली'च्या चित्रीकरणात जखमी झाल्यावर चढवलेल्या रक्तातून त्यांना हिपॅटायटिस बी झाली. जवळपास दोन दशकांनी ती लक्षात आली, तोवर पाऊण यकृत निकामी झालं होतं, असं त्यांनीच जाहीरपणे सांगितलं आहे. त्यांचं प्रकरण प्रतिकारशक्ती दाबण्यातून घडलेलं नाही. पण इतकी वर्षं आजार कळत नसेल, तर तपासणीला पर्याय नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2022 मध्ये भारतात सुमारे 2 कोटी 98 लाख लोकांना हा दीर्घकालीन संसर्ग होता. देशभर बाळांना ही लस 2011-12 पर्यंत लागू झाली. म्हणजे आपल्या आई-वडिलांच्या पिढीला ती लहानपणी मिळालेलीच नाही.

आता कार्यकर्त्यांशी थेट बोलतो. 14 एप्रिलला आपण रक्तदान शिबिरं घेतो. रक्तपेढी प्रत्येक पिशवीची हिपॅटायटिस बीसाठी तपासणी करते. एखाद्या तरुणाला "रिपोर्टमध्ये दोष आहे" असं कळतं आणि तो गप्प बसतो, कारण घरात ताट-तांब्या वेगळा होण्याची भीती असते. हा आजार एकत्र जेवल्याने, एका पेल्यातून पाणी प्यायल्याने किंवा मिठी मारल्याने पसरत नाही. तो रक्त, दूषित सुई, एकच वस्तरा, असुरक्षित शरीरसंबंध आणि बाळंतपणात आईकडून बाळाला, असा पसरतो. पाण्याच्या हक्कासाठी 1927 मध्ये महाडला गेलेल्या समाजाने आपल्याच घरात आजाऱ्याचा पेला वेगळा ठेवू नये. लपवलेला रिपोर्ट पुढे केमोच्या वेळी डॉक्टरपर्यंत पोहोचत नाही, आणि त्याची किंमत जीवाने मोजावी लागते.

म्हणून चार कामं करू या. शिबिरात रिपोर्ट आलेल्याला एकटं न सोडता सोबत दवाखान्यात नेऊ या. वस्तीत कुणाची केमो, डायलिसिस किंवा स्टेरॉइडचा लांबचा कोर्स सुरू होणार असेल, तर दोन्ही तपासण्या झाल्या का ते विचारू या. सांधेदुखीवर बिननावाच्या पुड्या घेणाऱ्यांना थांबवू या, त्यात स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं. आणि संसर्ग नसलेल्या घरच्यांना लसीचे तीन डोस द्यायला लावू या. 28 जुलै 2018 पासून राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. सटाण्याच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात जाऊन विचारा. जाताना जुने रिपोर्ट सोबत न्या.