विश्लेषण : खेळणारे पाच, खर्च एकाचाच?

टेबलाभोवती बसून, फासे टाकत सर्वांनी मिळून गोष्ट रचायची, असा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा १९७४ मध्ये अमेरिकेत आलेला खेळ. मूलभूत नियम इंटरनेटवर मोफत मिळतात. खेळाडूला कागद, पेन्सिल आणि फाशांचा एक संच पुरतो; तोही शेजारी बसलेल्याकडून मागून घेता येतो.

मग खर्च कोण करतो? प्रामुख्याने गोष्ट पुढे नेणारा ‘डन्जन मास्टर’. मुख्य पुस्तके तीन, प्रत्येकाची किंमत ५० डॉलरच्या घरात. शिवाय तयार साहसकथा, नकाशे, राक्षसांच्या छोट्या मूर्ती. यातले बरेचसे कपाटातच राहते, पण विकत घेणे हाही अनेकांसाठी छंदाचाच भाग असतो!

‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ या कंपनीच्या तत्कालीन प्रमुख सिंथिया विल्यम्स यांनी डिसेंबर २०२२ मध्ये गुंतवणूकदारांना हेच सांगितले : डन्जन मास्टर सुमारे २० टक्के, पण सर्वाधिक खर्च त्यांचाच. उरलेल्यांकडून कमाई कशी वाढवायची, हा कंपनीपुढचा प्रश्न. मूळ कंपनी ‘हॅसब्रो’ने त्याच वर्षी ‘डी अँड डी बियॉन्ड’ ही डिजिटल सेवा १४.६३ कोटी डॉलरना विकत घेतली होती.

जानेवारी २०२३ मध्ये नव्या परवान्याचा मसुदा फुटला. मोठी कमाई करणाऱ्या इतर प्रकाशकांकडून रॉयल्टी घेण्याची तरतूद त्यात होती. संतापलेल्या चाहत्यांनी याच सेवेची सबस्क्रिप्शन रद्द केली. कंपनीने माघार घेतली आणि मूळ नियमांचा दस्तावेज ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवान्याखाली खुला केला. तो आता परत घेता येत नाही.

पुस्तके हवीच असतील, तर पाच जणांनी वर्गणी काढावी. तिन्ही मिळून माणशी ३० डॉलर पडतात.