उभं राहायचं, नाहीतर आडवं व्हायचं

भामरागडला इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्या मिळतात. तिथून जवळच हेमलकसा. १९७३ साली बाबा आमटे यांनी माडिया गोंडांसाठी इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाताईंनी तो वाढवला. हे घराघरांत ठाऊक आहे. बाबांनी याच जंगलासाठी सरकारशी मांडलेलं भांडण मात्र फारसं कुणाला आठवत नाही.

गोदावरीवर इचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपट्टनम अशी दोन धरणं आखली गेली. माडियांची गावं आणि सागवानाचं जंगल पाण्याखाली जाणार होतं. बाबा तेव्हा सत्तरीला टेकलेले. मणक्याच्या दुखण्यामुळे त्यांना बसता येत नसे. उभं राहायचं, नाहीतर आडवं व्हायचं. तशातही त्यांनी ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभारलं. लालश्यामशहा महाराज सोबत होते. गाऱ्हाणं थेट पंतप्रधान इंदिरा गांधींपर्यंत गेलं.

ती धरणं आजवर झालेली नाहीत. इचमपल्लीचं नाव नदीजोडच्या कागदांत अधूनमधून निघतं, तो भाग वेगळा.

१९९० मध्ये बाबा आनंदवन सोडून साधनाताईंसह नर्मदाकाठी कसरावदला राहायला गेले. तिथलं धरण मात्र झालं.