फेकणारा हात कसा घडतो आणि कसा जपायचा

आपल्या मंडळातल्या कितीतरी घरांतली नातवंडं आता अमेरिकेत वाढत आहेत आणि त्यांतली काही तिथं बेसबॉलच्या संघात पिचर म्हणून खेळतात. तिकडे जाऊन आलेले आजी-आजोबा नवलानं सांगतात, की तिथं मुलाचा प्रत्येक चेंडू मोजतात. ठरलेला आकडा झाला की रंगात आलेल्या मुलालाही थांबवतात. वर्षातले काही महिने तर फेकूच देत नाहीत. आपल्याला वाटतं, एवढे लाड कशाला? आपण तर चिमणबागेत दिवस मावळेपर्यंत बोलिंग केलेली! या मोजण्यामागचं कारण आम्ही इथं सांगत आहोत, कारण इंदूरमध्ये सॉफ्टबॉल, बेसबॉल आणि क्रिकेट खेळणाऱ्या आपल्या मुलांनाही ते माहीत असायला हवं.

बोलिंग आणि पिचिंग यांतला फरक

क्रिकेटचा वेगवान गोलंदाज धावत येतो आणि हात सरळ ठेवून चेंडू टाकतो. त्याच्या शरीरावरचा मोठा ताण कंबर, गुडघे आणि घोटे यांवर येतो. पिचर उंचवट्यावर उभा असतो. त्याला धाव नाही. 60 फूट 6 इंचांवरच्या (18.44 मीटर) होम प्लेटच्या दिशेनं तो साधारण 142 ते 149 ग्रॅमचा चेंडू कोपर वाकवून फेकतो. जोर पायातून निघतो, नितंब वळतात, मग धड, मग खांदा, कोपर आणि शेवटी मनगट. चाबकाच्या टोकासारखा सगळा वेग हातात जमा होतो. मोठ्या पिचरचा खांदा त्या क्षणी सेकंदाला सुमारे 7000 अंशांच्या वेगानं फिरतो, म्हणजे सेकंदाला एकोणीसहून जास्त फेऱ्यांचा वेग.

यात कोपराच्या आतल्या बाजूचा एक छोटा अस्थिबंध सर्वांत जास्त ताणला जातो. जोरदार फेकीचा ताण एकट्या त्या बंधाला पेलण्यासारखा नसतो. भोवतालचे स्नायू त्यातला वाटा उचलतात, म्हणून तो टिकतो. स्नायू थकले की त्यांचा वाटाही त्याच्यावर येतो. हात जपण्याचे सगळे नियम या एका गोष्टीतून आले आहेत.

1974 मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सचा पिचर टॉमी जॉन याचा हा बंध तुटला. डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या दुसऱ्या हातातली कंडरा काढून कोपरात बसवली. 1975 चा पूर्ण हंगाम गेला, पण तो परतला आणि 1989 पर्यंत खेळला. या शस्त्रक्रियेला आज त्याचंच नाव आहे. मात्र ती यशस्वी होते म्हणून बंध तुटू द्यावा असं नाही. सावरायला एक वर्ष किंवा त्याहून जास्त लागतं, आणि आता ती शाळकरी मुलांवरही करावी लागते.

मोजायचं कशासाठी?

वाढत्या मुलांच्या कोपरात हाडाच्या टोकाजवळ मऊ कूर्चा असते. हाड पक्कं होईपर्यंत ती सर्वांत नाजूक जागा. सतत ओढ बसली की ती दुखावते.

अमेरिकेतल्या 2006 च्या एका अभ्यासात असं दिसलं, की हात थकलेला असतानाही नेहमी पिचिंग करणाऱ्या मुलांना शस्त्रक्रियेचा धोका 36 पट होता. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दहा वर्षांच्या पाहणीत, वर्षाला 100 पेक्षा जास्त इनिंग्ज पिचिंग करणाऱ्यांना गंभीर दुखापतीचा धोका साडेतीन पट आढळला.

लिटिल लीगनं 2007 पासून चेंडूंची मर्यादा घातली. 9-10 वर्षांच्या मुलाला दिवसाला 75, 11-12 ला 85 आणि 13 ते 16 ला 95 चेंडू. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलानं एका दिवशी 66 किंवा जास्त चेंडू टाकले, तर पुढचे चार दिवस पिचिंग नाही. शिवाय लहान मुलांनी वर्षातले किमान चार महिने फेकणं बंद ठेवावं, त्यातले दोन-तीन सलग, असा सल्ला आहे.

जपानमध्ये हे उशिरा पटलं. तिथं कोशिएनची शालेय स्पर्धा म्हणजे देशाचा सण, आणि एकाच पिचरनं सगळे सामने ओढून नेणं हा मोठा मान. 2013 च्या वसंत स्पर्धेत सोळा वर्षांच्या तोमोहिरो अनराकूनं पाच सामन्यांत 772 चेंडू टाकले. त्यावर देशाबाहेरही चर्चा झाली. 2020 पासून तिथं आठवड्याला 500 चेंडूंची मर्यादा आहे.

हात घडवायचा कसा?

विश्रांती म्हणजे हात बांधून ठेवणं नव्हे. हात तयार करावाच लागतो, पण पायरीपायरीनं.

आधी अंग गरम करायचं, मग चेंडू हातात घ्यायचा. थोडं धावून, हात-खांदे मोकळे करून 45 फुटांवरून हलक्या फेकी सुरू करतात. ते सहज जमलं की 60, मग 90, मग 120 फूट. प्रत्येक अंतरावर काही दिवस थांबायचं आणि दुखलं तर एक पायरी मागे यायचं. लांबच्या फेकीत पायांचा जोर वापरायची सवय लागते. उंचवट्यावरून पूर्ण जोरात फेकणं सगळ्यांत शेवटी, आणि तेही रोज नाही.

खांद्याच्या मागचे स्नायू फेकीनंतर हाताला ब्रेक लावतात, म्हणून ते मजबूत हवेत. रबरी पट्टा खांबाला बांधावा, कोपर कमरेला टेकवून हात आत-बाहेर फिरवावा. हलकं वजन घेऊन मनगट वर-खाली करावं, तळहात उलटसुलट फिरवावा. पाय आणि पोट यांचे व्यायाम तितकेच महत्त्वाचे, कारण पायांनी दिला नाही तो जोर शेवटी हातालाच द्यावा लागतो.

वेग वाढवण्यासाठी जड चेंडू फेकण्याची हल्ली टूम आहे. 2018 च्या एका प्रयोगात अशा सरावानं मुलांचा वेग वाढला खरा, पण त्या गटातल्या जवळपास चौघांतल्या एकाला दुखापत झाली. वाढत्या मुलांनी त्याच्या वाटेला जाऊ नये हेच बरं.

आपल्या घरी काय करता येईल?

सॉफ्टबॉलचा पिचर हात खालून फिरवतो, पण बाकीचे खेळाडू वरूनच फेकतात. सीमारेषेवरून थ्रो करणाऱ्या क्रिकेटपटूचंही तेच. पालकांनी एक वही ठेवावी. आज किती जोरदार फेकी झाल्या, दुसऱ्या दिवशी हात कसा होता, एवढंच लिहावं. सकाळी शाळेचा संघ, संध्याकाळी क्लब, रविवारी स्पर्धा असं असेल तर तिन्हींची बेरीज करावी. प्रत्येक कोचला फक्त आपल्याच फेकी दिसतात, हात मात्र एकच असतो.

कोपराच्या आतल्या बाजूला दुखणं, हात पूर्ण सरळ न होणं, नेम अचानक चुकू लागणं किंवा वेग कमी होणं, या खुणा दिसल्या की फेकणं थांबवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवावं. वेदनाशामक गोळी घेऊन मुलाला मैदानात उतरवू नये.

मुलं दुखणं लपवतात. संघातली जागा जाईल, कोच रागावतील, बाबांना वाईट वाटेल ही भीती असते. म्हणून खेळून आल्यावर "किती विकेट घेतल्या?" याच्या आधी "हात कसा आहे रे?" असं विचारायची सवय आपण घरात लावून घेऊ या.