आघाडी शासनातील मंत्रिमंडळाची रचना

राज्याच्या मंत्रिमंडळाची घटनात्मक चौकट मोजक्या शब्दांत सांगता येण्याजोगी आहे. संविधानाच्या अनुच्छेद १६४ अन्वये राज्यपाल मुख्यमंत्र्यांची नियुक्ती करतात व मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने अन्य मंत्र्यांची. मंत्रिपरिषद विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असते. मंत्रिपदांची पक्षवार वाटणी कशी व्हावी याविषयी या तरतुदींत एक शब्दही आढळत नाही. आघाडी शासनात मात्र मंत्रिमंडळ आकाराला येते ते नेमके या वाटणीतून, आणि तिचे परिणाम मंत्रालयापासून ग्रामपंचायतीच्या कार्यालयापर्यंत पोहोचतात.

महाराष्ट्राला हा अनुभव प्रथम १९७८ मध्ये आला. त्या वर्षीच्या निवडणुकीत जनता पक्षाला ९९, काँग्रेसला ६९ व इंदिरा काँग्रेसला ६२ जागा मिळाल्या; स्पष्ट बहुमत कोणालाच नव्हते. दोन्ही काँग्रेस पक्षांनी मिळून मार्चमध्ये शासन स्थापन केले. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले आणि दुसऱ्या पक्षाचे नासिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री. राज्यातील हे पहिले उपमुख्यमंत्रिपद होय. संविधानात या पदाचा उल्लेख नाही. उपमुख्यमंत्री शपथ घेतात ती मंत्री म्हणूनच. सहकारी पक्षाचा मान राखण्याचे साधन म्हणून हे पद पुढे रूढ झाले. त्याच वर्षी जुलैमध्ये शरद पवार यांच्या नेतृत्वाखाली पुरोगामी लोकशाही दलाचे शासन आले, तेही अनेक पक्षांचेच होते.

त्या काळी मंत्र्यांच्या संख्येवर घटनात्मक बंधन नव्हते. सहकारी पक्षांचे समाधान करण्याचा सोपा मार्ग म्हणजे मंत्रिपदे वाढविणे, आणि अनेक राज्यांनी तो मनसोक्त वापरला. एक्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने १ जानेवारी २००४ पासून हा मार्ग बंद केला. मुख्यमंत्र्यांसह मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या एकूण सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांहून अधिक असता कामा नये, असे बंधन आले. महाराष्ट्र विधानसभेचे सदस्य २८८ असल्याने ही मर्यादा ४३ येते. लहान राज्यांसाठी किमान १२ ची सवलत आहे. गोव्याच्या ४० सदस्यांच्या सभागृहात १५ टक्के म्हणजे अवघे ६, तथापि तेथे १२ मंत्री असू शकतात. विधानपरिषदेचा सदस्य मंत्री होऊ शकतो, परंतु टक्केवारी काढताना परिषदेची सदस्यसंख्या धरली जात नाही.

या मर्यादेतील वाटणीचे ठळक उदाहरण म्हणजे २०१९ मधील महाविकास आघाडीचे शासन. शिवसेना ५६, राष्ट्रवादी काँग्रेस ५४ व काँग्रेस ४४ असे आघाडीतील तीन प्रमुख पक्षांचे बळ होते. २८ नोव्हेंबर रोजी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्यासमवेत प्रत्येक पक्षाच्या दोघांनी, म्हणजे सहा मंत्र्यांनी, शपथ घेतली. मुख्यमंत्री त्या वेळी कोणत्याही सभागृहाचे सदस्य नव्हते. सहा महिन्यांत सदस्यत्व मिळविण्याची अट त्यांनी मे २०२० मध्ये विधानपरिषदेवर निवडून येऊन पूर्ण केली. महिनाभर सात जणांनीच कारभार पाहिला. ३० डिसेंबरला आणखी ३६ मंत्र्यांचा शपथविधी झाला आणि ४३ ची मर्यादा काठोकाठ भरली. शिवसेनेच्या वाट्याला मुख्यमंत्र्यांसह १५, राष्ट्रवादीकडे १६ व काँग्रेसकडे १२ पदे आली. शिवसेनेच्या वाट्यातूनच पाठिंबा देणारे लहान पक्ष व अपक्ष सामावून घेण्यात आले. उपमुख्यमंत्रिपद राष्ट्रवादीकडे आणि विधानसभेचे अध्यक्षपद काँग्रेसकडे गेले. अध्यक्षपद मंत्रिमंडळाबाहेरचे, तरीही वाटाघाटीत त्याचे मोल धरले गेले.

संख्येपेक्षा खात्यांची वाटणी अधिक गुंतागुंतीची असते. या शासनात ग्रामविकास खाते राष्ट्रवादीकडे, पाणीपुरवठा शिवसेनेकडे, तर महसूल व शालेय शिक्षण ही खाती काँग्रेसकडे होती. वित्त खाते उपमुख्यमंत्र्यांकडे होते. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाच्या दृष्टीने याचा अर्थ काय? त्याचा अभ्यासक्रम व प्रशिक्षण शालेय शिक्षण विभागाकडे, आणि त्याच्या बदलीचे धोरण ग्रामविकास विभागाकडे. एकाच शिक्षकाविषयीचे दोन निर्णय दोन पक्षांच्या मंत्र्यांच्या हाती होते. एकपक्षीय शासनातही हे दोन विभाग वेगळेच असतात, पण तेथे मतभेद पक्षाच्या बैठकीत मिटविता येतात.

आघाडीत ही सोय नसल्याने महाराष्ट्र शासन कार्यनियमावलीचे महत्त्व वाढते. अनुच्छेद १६६ खाली केलेली ही नियमावली त्या शासनाच्या काळात १९७५ ची होती. ज्या विषयाशी एकाहून अधिक विभागांचा संबंध येतो त्यावर संबंधित सर्व विभागांचा विचार घेतल्याविना आदेश काढता येत नाहीत. खर्चाचा भार असेल तेथे वित्त विभागाचे मत घ्यावे लागते. एकमत न झाल्यास प्रकरण मंत्रिमंडळापुढे येते. नस्ती लांबली की दोष नेहमी लिपिकाला दिला जातो, परंतु पुष्कळदा ती दोन मंत्र्यांच्या सहमतीची वाट पाहत असते. समन्वय समिती व किमान समान कार्यक्रम ही साधने याच अडचणीतून निर्माण झाली. त्यांना कायद्याचा आधार नाही. मंत्रिमंडळात निर्णय एकदा झाला की मात्र तो सर्व पक्षांच्या मंत्र्यांना बांधील असतो; बाहेर त्याविरुद्ध बोलणे सामुदायिक जबाबदारीशी विसंगत ठरते.

पंचायत सदस्यांचा प्रत्यक्ष संबंध येतो तो पालकमंत्र्यांशी. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात. जिल्हा वार्षिक योजनेतून होणारे रस्ते, शाळाखोल्या व अंगणवाड्या यांच्या कामांना या समितीमार्फत चालना मिळते. म्हणून पालकमंत्रिपदांची वाटणी ही आघाडीतील दुसरी, आणि बहुधा पहिलीइतकीच अवघड, वाटणी असते. एखाद्या जिल्ह्यात एका पक्षाचे आमदार अधिक आणि पालकमंत्री दुसऱ्या पक्षाचे, असे झाले की निधीविषयीच्या तक्रारी सुरू होतात.

मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला म्हणजे त्यांच्याबरोबर संपूर्ण मंत्रिपरिषद संपुष्टात येते. २९ जून २०२२ रोजी तसेच घडले. दुसऱ्या दिवशी एकनाथ शिंदे यांनी मुख्यमंत्री म्हणून व देवेंद्र फडणवीस यांनी उपमुख्यमंत्री म्हणून शपथ घेतली. पुढील १८ मंत्र्यांचा शपथविधी ९ ऑगस्टला झाला; तोपर्यंत, सुमारे चाळीस दिवस, मंत्रिमंडळ दोघांचेच होते. जिल्हा वार्षिक योजनेतील १ एप्रिल २०२२ नंतर मंजूर झालेल्या कामांना नवे पालकमंत्री नेमले जाईपर्यंत स्थगिती देण्यात आली होती. त्या नेमणुका सप्टेंबरअखेर झाल्या. आर्थिक वर्षाचा जवळजवळ अर्धा भाग तोवर उलटून गेला होता.