सिलिकावरचा पाण्याचा पापुद्रा

२०१०च्या हंगामात भारतातून युरोपला गेलेली द्राक्षं तिथे अडकली आणि बागायतदारांचं मोठं नुकसान झालं. अडचण होती क्लोरमेक्वाट क्लोराइडची. नाशिक-सांगलीकडे त्याला सीसीसी म्हणतात. खरड छाटणीनंतर शेंडा आवरावा, काडीत घड धरावा म्हणून हे संजीवक फवारलं जातं. युरोपची मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम आणि इथल्या निर्यात-तपासणीच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. पण नाव यादीत घातलं, म्हणून ते यंत्राला दिसेलच असं नसतं. ही बाजू फारशी सांगितली जात नाही, म्हणून हा लेख.

कीडनाशकांचे अंश शोधणाऱ्या यंत्राचा खरा जीव कॉलममध्ये असतो. स्टीलच्या बारीक नळीत सिलिकाचे सच्छिद्र कण ठासलेले असतात. एकेक कण ३ ते ५ मायक्रॉनचा, पण आतल्या छिद्रांमुळे एका ग्रॅमचा पृष्ठभाग भरतो सुमारे ३०० चौरस मीटर! नेहमीच्या सी-१८ कॉलममध्ये या पृष्ठभागावर १८ कार्बनच्या तेलकट साखळ्या जोडलेल्या असतात. बहुतेक कीडनाशकांचा ओढा तेलाकडे, त्यामुळे ती कमी-अधिक वेळ चिकटतात आणि एकेक करून बाहेर पडतात. क्लोरमेक्वाटच्या नायट्रोजनवर कायमचा धन प्रभार असतो, त्यामुळे त्याचा ओढा पाण्याकडे. सी-१८वर ते थांबतच नाही. द्राक्षातली साखर आणि आम्लंही त्याच वेळी बाहेर पडतात, आणि त्या गर्दीत मास स्पेक्ट्रोमीटरला मिळणारा त्याचा संकेत दबून जातो. अहवालात ‘आढळले नाही’ असं असेल, तर कोणत्या कॉलमवर आढळलं नाही हे विचारायलाच हवं, असं मला ठामपणे वाटतं.

उपाय निघाला पाण्यातूनच. लोकर-संशोधनासाठी लीड्समध्ये काम करणाऱ्या आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज यांनी १९४१मध्ये सिलिका जेलमध्ये पाणी धरून ठेवलं, त्यावरून क्लोरोफॉर्म वाहवला आणि अमिनो आम्लांची संयुगं वेगळी केली. १९५२चं नोबेल त्यांना या पद्धतीसाठी मिळालं. पुढे १९९०मध्ये अँड्र्यू आल्पर्ट यांनी अशा पद्धतीसाठी ‘हायड्रोफिलिक इंटरॅक्शन क्रोमॅटोग्राफी’ हे नाव रूढ केलं. प्रयोगशाळेत तिला नुसतं हिलिक म्हणतात. यात द्रावण असतं बरंचसं अॅसिटोनायट्राइलचं, त्यात थोडं पाणी. माठाची भिंत ओल धरते तसं ते पाणी सिलिकाच्या अंगाशी जमतं, त्याचा पातळ पापुद्रा होतो, आणि पाण्याची ओढ असलेले रेणू त्यात रेंगाळतात.

मग नुसती सिलिका का पुरत नाही? तिच्या पृष्ठभागावरचे सिलॅनॉल गट प्रोटॉन सोडून ऋण प्रभारी होतात आणि क्लोरमेक्वाटसारख्या धन प्रभारी रेणूला नको इतके घट्ट धरतात. मग आलेखातलं शिखर टोकदार न येता त्याला शेपूट फुटते. शिखर पसरलं की सूक्ष्म मात्रेचं मोजमाप डळमळतं. इथे पॉलिमरचा थर कामाला येतो. आल्पर्ट यांनी सिलिकावर पॉलिसक्सिनिमाइड बांधलं आणि त्यावर इथेनॉलअमाइनची क्रिया घडवून पाणीप्रिय हायड्रॉक्सिल गटांनी भरलेला थर मिळवला. हा थर सिलॅनॉलना झाकतो आणि पाणी धरून ठेवतो. स्वीडनच्या उमेओ विद्यापीठातून पुढे आलेली कल्पना मला सर्वांत देखणी वाटते: पॉलिमरच्या प्रत्येक एककावर एक धन आणि एक ऋण प्रभार. दोन्ही मिळून बेरीज शून्य, पण पाणी मात्र भरपूर धरलं जातं.

हा थर बनवणं सोपं नाही. जाड झाला तर छिद्रं बुजतात, विरळ राहिला तर सिलॅनॉल उघडे पडतात. शिवाय पीएच ८च्या वर गेला की खालची सिलिकाच हळूहळू विरघळू लागते.

वापरातही शिस्त लागते. इथे पाणी हाच जोरकस वाहक असल्याने नमुना निव्वळ पाण्यात सोडला तर शिखरं विस्कटतात. कॉलम स्थिरावायला सी-१८पेक्षा जास्त वेळ द्यावा लागतो. घाई केली की रेणू बाहेर पडण्याच्या वेळा सरकतात. तरीही २००८मध्ये चीनच्या दुधातलं मेलामाइन शोधताना हीच पद्धत उपयोगी पडली, आणि मधुमेहावरच्या मेटफॉर्मिन या औषधासाठीही ती वापरतात.

मात्र एकच कॉलम सगळ्या पाणीप्रिय रेणूंना पुरत नाही. ग्लायफोसेट हे तणनाशकही पाण्याकडेच ओढलं जातं, पण त्याच्यावर ऋण प्रभार असतो. म्हणून स्टुटगार्टच्या युरोपीय संदर्भ प्रयोगशाळेच्या पद्धतीत दोन्ही द्रव्यं आम्लयुक्त मिथेनॉलने एकाच अर्कात काढली, तरी पुढे त्यांच्यासाठी कॉलम आणि द्रावण वेगळं निवडावं लागतं.